गार धुराचा ट्रक

धुराचं तापमान दाखवणारं मीटर दाजींनी खोक्यासकट गॅरेजातल्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मेहुण्याने खोकं उघडण्याआधी दाजींच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अंग तर गार आहे," तो म्हणाला. "मग हे काय सुचलं?"

"जग पुढे चाललंय," दाजी म्हणाले.

"जग जाऊ दे. मीटर लावणाऱ्या ड्रायव्हरांना तुम्हीच हसायचात ना? म्हणायचात, आपल्याला भूक लागली का हे शेजाऱ्याला विचारून येणारी माणसं ही."

"म्हणत होतो. आता नाही म्हणत. बसवतोस, का दुसरीकडे जाऊ?"

मेहुणा हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. ट्रकदुरुस्तीचं गॅरेज त्याचंच. त्याच्या तोंडचं 'दाजी' आणि 'ताई' ऐकून ऐकून तिथे येणारे सगळेच ड्रायव्हर या नवराबायकोला दाजी आणि ताई म्हणू लागले होते. आणि दाजींचं नाव होतं ते कानासाठी. भरलेला ट्रक चढाला लागला की इंजिनातून निघणारा धूर भयंकर तापतो. वेळेवर पाय उचलला नाही तर धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची पाती वितळतात, पिस्टनला भोक पडतं, गाडी रस्त्यातच मान टाकते. ती वेळ दाजींना नुसत्या आवाजावरून कळायची. "इंजिन रडायच्या आधी एक बारीकसा हुंदका देतं," ते सांगायचे. एकदा दुसऱ्याच्या गाडीत मागे गाढ झोपलेले असताना त्यांनी झोपेतच "पाय उचल" म्हटलं होतं, आणि ते बरोबर होतं.

खरी गोष्ट अशी, की बऱ्याच दिवसांत दाजींना तो हुंदका ऐकू आला नव्हता. सुरुवातीला त्यांना वाटलं, नवं ऑइल गाडीला चांगलं मानवलंय. मग इंडिकेटरची टिकटिक बंद झाली, तेव्हा त्यांनी इंडिकेटर बदलला. नव्याचीही टिकटिक येईना. पुढे भिंतीवरचं घड्याळ मुकं झालं, झाडावरची पाखरं मुकी झाली. आता सगळ्या जगाने एकदम चांगलं ऑइल वापरायला घेतलं असेल, हे काही त्यांच्या मनाला पटेना.

पण हे बोलायचं कुणाजवळ? नजर अधू झालेल्या एका ड्रायव्हरबद्दल ताई एकदा सहज म्हणाली होती, "माणसाला वेळेवर किल्ली खाली ठेवता आली पाहिजे." ते वाक्य दाजींच्या छातीत घर करून बसलं होतं. किल्ली खाली ठेवली की आपण कोण? खिडकीजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "चहा घेणार का?" विचारणारा एक म्हातारा. त्यापेक्षा कानाचं काम डोळ्यांना द्यावं, काट्याकडे बघून पाय उचलावा आणि कुणाला पत्ता लागू देऊ नये, असा त्यांचा बेत होता. बेत चांगला होता. फक्त ते मीटर बसवायलाच कान लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मॅनिफोल्डला भोक पाडायचं," मेहुण्याने बाही सरसावली. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा जाड नळ. "भोकात ही कांडी आटे पाडून बसवायची. कांडीला धुराची धग लागली की वर काटा हलतो. एवढंच. पण भोक पाडताना लोखंडाचा कीस आत गेला, तर टर्बोचा निकाल."

"मग टर्बो उतरव."

"त्याचे बोल्ट बघा कसे गंजलेत. एकेक तुटेल, आणि आठवडाभर तुम्ही इथे बसून माझं डोकं खाल. इंजिन चालू ठेवून पाडू. भोक आरपार गेलं की आतला धूर जोरात बाहेर येतो आणि कीसही बाहेर फेकतो. फक्त आरपार जातंय त्या क्षणी ड्रिल आवरायला हवं. तेव्हा बारीक सूं असा आवाज येतो. मला ड्रिलच्या घरघरीत तो कळत नाही. पण आज काय, तुम्ही आहात! सूं झालं की हात वर करा."

दाजी एक पाऊल मागे सरकले. "माझी काय गरज? तुला अंदाज असेलच की."

"अहो, तुमचा कान असताना मी अंदाजाने भोक पाडू? लोक काय म्हणतील?"

इंजिन सुरू झालं. मेहुणा बॉनेटखाली वाकला. दाजींनी विचार केला, आवाज नाही तर नाही, धूर तर दिसेल. पण धूर दिसायचा त्या जागेवर मेहुण्याचं डोकं होतं, आणि मेहुण्याचं डोकं भलतंच मोठं होतं. ते डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले, टाचा उंचावून पाहिलं. शेवटी फार वेळ झाला असं वाटून त्यांनी हात वर केला.

मेहुण्याने ड्रिल काढलं, बोटाने चाचपलं. "दाजी, अजून बरीच जाडी आहे हो."

"सराव बघत होतो तुझा," दाजी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला दाजींनी घाई करायची नाही असं ठरवलं. ते शांत उभे राहिले. मेहुणा दाबत राहिला. दाजी उभेच. सूं झालं, फूं झालं, मेहुणा दाजींच्या हाताकडे बघत राहिला, आणि दाजींचा हात खाली तो खालीच. मग ड्रिल एकाएकी मुठीपर्यंत आत घुसलं, वाकडं झालं, आणि आतला धूर काजळीसकट मेहुण्याच्या तोंडावर आला. त्याने वर पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर डोळे आणि दात एवढेच ओळखीचे उरले होते.

"हात?" त्या काळ्या चेहऱ्याने विचारलं.

"खांदा आखडलाय," दाजी म्हणाले. "वरच जाईना."

घरून डबा घेऊन आलेली ताई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती पुढे झाली, भावाचं तोंड पुसायला फडकं दिलं आणि मोठ्याने म्हणाली, "खांद्याला तेल लावून देते संध्याकाळी." अलीकडे ती सगळंच मोठ्याने म्हणायची. वयाबरोबर हिचा स्वभाव जरा तिखट होत चाललाय, असं दाजींचं मत होतं.

भोक तिरकं पडलं होतं, पण कांडी बसली. तिच्या दोन तारा मेहुण्याने केबिनमध्ये ओढून घेतल्या. एक लाल, एक पिवळी. खोक्यात माहितीचा कागद होता, त्याच्याने मेहुण्याने हात पुसले. "लाल म्हणजे प्लस. शेंबड्या पोरालाही कळतं. यासाठी कागद वाचायला लागलो तर गॅरेजला कुलूप लावलेलं बरं." नेमकी इथेच माशी शिंकली, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मीटरचा काटा आधी तळापासून जरासा वर होता. इंजिन सुरू केल्यावर तो थरथरला आणि हळूहळू खाली जाऊन तळाच्या खिळ्याला टेकला.

"हलला!" मेहुणा ओरडला. "म्हणजे मीटर चालू आहे."

"पण खाली का गेला?"

मेहुण्याने हनुवटी खाजवली. आपल्याला कळलं नाही असं म्हणण्याची त्याला सवय नव्हती. "इंजिन चालू झालं, हवा खेळायला लागली. गार झालं." मग त्याला आणखी सुचलं. "आणि भोक तिरकं आहे ना. धूर सरळ अंगावर येत नाही, वळसा घेतो."

तेवढ्यात पाण्याचा टँकर चालवणारा एक जण ग्रीस भरून घ्यायला आला. त्याने केबिनमध्ये डोकावून काटा पाहिला. बाहेर जाऊन इंजिनाची धग हाताने पाहिली. परत येऊन पुन्हा काटा पाहिला. "एवढं तापलेलं इंजिन आणि धूर गार? काय केलंत काय?"

"तिरकं भोक," मेहुणा म्हणाला. आता त्याचा आवाज भारदस्त झाला होता. "सगळ्यांना नाही जमत. हात वाकडा करून ड्रिल आत सोडावं लागतं."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून?"

टँकरवाला तोंडाचा सैल. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गॅरेजसमोर ट्रकांची रांग लागली. "आमच्यातही तिरकं पाडून द्या," म्हणून ड्रायव्हर मेहुण्याच्या मागे लागले. कुणी त्याला चहा पाजला, कुणी खुर्ची दिली. एकाने तर किती तिरकं ते समजावं म्हणून खडूने भिंतीवर काढून घेतलं. मेहुणा नाकावरची काजळी न पुसताच हिंडत होता. काम केल्याची खूण होती ती.

"पण आधी चढावर दाखवा," टँकरवाला म्हणाला. "माल भरून. सपाटीवर काय, माझी सायकलही गार राहते."

दाजींना तेच हवं होतं. त्यांनी खडी भरून घेतली आणि गावाबाहेरच्या लांब चढाकडे ट्रक काढला. शेजारी ताई, तिच्या पलीकडे खुर्चीची सवय झालेला मेहुणा, आणि मागे टँकर. ताईला सोबत घ्यावं का, हा प्रश्नच नव्हता, ती हल्ली येतच असे. घरी बसून कंटाळा येतो म्हणायची. आली की मात्र वाटेत तिचं काही ना काही दुखायचं, विशेषतः कंबर, आणि मग दाजींना वेग कमी करावा लागे.

चढ लागला. दाजींनी पाय दाबला. काटा खिळ्याला चिकटलेला. कित्येक महिन्यांनी त्यांना मोकळं मोकळं वाटत होतं. कानावाचून काही अडलं नव्हतं! त्यांनी आणखी दाबलं.

"अहो," ताई त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "जरा हळू. कंबर धरली माझी."

"आता थांबायचं नाही. काटा बघ, कसा गार आहे."

"मळमळतंयसुद्धा."

"खिडकीशी बस. अरे, हिला खिडकी दे."

बहीणभावाने जागा बदलली. मेहुणा काट्याकडे बघून मान डोलवत होता. त्याच्याच हातची कला ती, आणि इंजिनाच्या वाढत्या ओरड्याला तो टाळ्यांचा कडकडाट समजत असावा. ताईने एकदा इंजिनाच्या झाकणाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग तिने खिडकीची काच खाली केली, पायातली चप्पल काढली आणि सरळ बाहेर भिरकावली.

"चप्पल पडली!" ती ओरडली.

"कशी पडली?"

"पायातून!"

"पाय खिडकीत होता?"

"आधी थांबा, मग भांडा!"

दाजींनी चरफडत ट्रक कडेला घेतला. ते खाली उतरतात तोच टँकरवाला मागून धावत आला. "दाजी! इंजिन बंद करू नका, एकदम बंद केलंत तर टर्बो जाईल! नुसतं हळू चालू राहू द्या. खाली बघा, खाली!"

दाजींनी वाकून पाहिलं. बिडाचा तो जाड नळ आतून पेटल्यासारखा लालभडक झाला होता. आणि वर काटा खिळ्यावर डोकं टेकून शांत झोपला होता.

"कसंबसं वाचलं," टँकरवाला धापा टाकत म्हणाला. "काय किंचाळत होतं इंजिन! माझ्या काचा बंद, माझं इंजिन चालू, तरी मला मागे ऐकू येत होतं. आणि तुम्हाला नाही आलं? तुम्हाला?"

दाजी त्या लाल नळाकडेच बघत राहिले. मेहुणा त्यांच्याकडे बघत होता. न उठलेला हात आठवून त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"ऐकू कसं येणार?" ताई केबिनमधून म्हणाली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ती खाली उतरली. "मी बडबडत होते ना सारखी. माझ्या तोंडापुढे इंजिनाचं काय चालतंय? तुम्ही दोघं ती तारांची भानगड बघा. मी आणि हे चप्पल शोधून आणतो."

ते दोघं रस्त्याच्या कडेने उतरत गेले. चप्पल गवतात पालथी पडली होती. दाजींनी ती उचलली. पट्टा धड होता, बक्कल शाबूत होतं. ते ती चप्पल हातात धरून उभे राहिले, आणि मग त्यांना एकेक आठवू लागलं. कंबर नेहमी चढावरच धरायची. सपाटीवर ती कधीच धरली नव्हती. आणि उतारावर ताई चक्क शेंगदाणे खायची.

"तुझी कंबर," ते म्हणाले, "ठणठणीत आहे."

"देवाच्या दयेने."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

ताई त्यांच्या समोर उभी राहिली, तोंड दिसेल अशी. "तुम्ही दाराची बेल दुरुस्त करायला बसलात ना, त्या दिवसापासून. स्क्रू काढून बटण दाबत होतात आणि म्हणत होतात, मेली आहे. बेल वाजत होती हो. सगळे शेजारी दारात येऊन उभे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्याच दिवशी तुम्ही किल्ली ठेवली असती. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? आणि मग तुमचं ते तोंड पाडून खुर्चीत बसणं मला बघवलं असतं?" तिने चप्पल त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन पायात घातली. "म्हटलं, जमेल तेवढे दिवस मीच ऐकते तुमच्या वाटचं. पण आज मला भीती वाटली. आता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. तिथून येईपर्यंत गाडी भावाकडे. तुमची किल्ली कुणी घेत नाही."

दाजी वाकले आणि ताईच्या चपलेचं बक्कल लावून दिलं.

वर मेहुण्याने तारा सोडवल्या होत्या. त्याने उलटसुलट जोडून पाहिल्या, तेव्हा कुठे काटा झोपेतून उठून सरसर वर गेला. या असल्या तारांमध्ये लाल ही मायनस असते. हात पुसलेल्या त्या कागदावर ते छापलं होतं. मेहुणा कपाळाला हात लावून पायरीवर बसला. त्याला लाल तारेचं दुःख नव्हतं. गॅरेजसमोर तिरक्या भोकासाठी उभ्या असलेल्या त्या रांगेचं होतं. पुढचा महिनाभर ड्रायव्हर त्याला बघितलं की मान तिरकी करून नमस्कार करत.

दाजींच्या कानात मशीन बसलं. ते बसवणाऱ्या बाई हसतमुख होत्या. "सुरुवातीला सगळं नको इतकं ऐकू येईल," त्या म्हणाल्या. "घाबरू नका." दवाखान्याबाहेर पडल्यावर दाजी फुटपाथवर थांबले. कुणाच्या तरी पिशवीतला कागद चुरचुरला, लांब कुठेतरी एक दार करकरलं. "एवढा गोंधळ असतो?" ते म्हणाले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. ताई नेहमीच्या खड्या आवाजात "चला" म्हणाली, आणि ते दचकले. "अगं, हळू बोल. ऐकू येतं मला." तिचा स्वभाव तिखट झालाच नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडून होईपर्यंत, त्यानंतरही बराच वेळ, सोडला नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी तोच चढ धरला. शेजारी ताई. काटा आता सरळ माणसासारखा वागत होता, चढ लागला तसा वर सरकत होता. अर्ध्या वाटेवर इंजिनाने तो बारीकसा हुंदका दिला. दाजींनी काट्याकडे न बघताच पाय उचलला, आणि मग काट्याकडे बघितलं. बरोबर होतं. त्यांची छाती हातभर फुगली.

पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. आणखी एक आवाज येत होता. तेल न घातलेल्या फाटकासारखा, कण्हल्यासारखा. मधेच वर चढायचा, मधेच खाली पडायचा. त्यांनी ट्रक कडेला घेतला. उतरून बॉनेट उघडलं. आवाज बंद. पट्टा ओढून पाहिला, स्प्रिंगांवर पाय देऊन पाहिलं. काही नाही. पुन्हा निघाले. चढावर आवाज पुन्हा सुरू.

दुसऱ्यांदा थांबून त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "अरे, कुठूनतरी कण्हल्यासारखं येतंय. गाडी थांबली की बंद. चाललं की चालू. मजेत चाललं असेल तर जास्तच."

"बेअरिंग असेल," मेहुणा म्हणाला. "नाहीतर मागचा एक्सल. फार वाईट आवाज आहे का?"

"फार म्हणजे, काळजाला घरं पाडणारा. किती दिवस चाललं असेल रे हे? आणि मला पत्ता नाही!"

ताई खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे गदगदा हलत होते. दाजी तिसऱ्यांदा उतरायला निघाले, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"उतरू नका. असेच चालवा," ती म्हणाली. "आणि जरा तोंड मिटून चालवा."

दाजींनी ट्रक पुढे घेतला. तोंड मिटलं. आवाज बंद झाला. थोडं पुढे जाऊन त्यांनी तोंड उघडलं, आपल्या आवडीच्या गाण्याची ओळ अगदी हळू गुणगुणून पाहिली, आणि ते फाटक पुन्हा करकरलं.

त्यांचे कान, मशीनसकट, लाल झाले होते.

"हे असं? रोज?" त्यांनी शेवटी विचारलं. "आणि तू बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? स्वतःचं गाणं तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला कळलंय, असं तुम्हाला कळलं असतं."

दाजींनी मान खाली घातली आणि कानातल्या मशीनकडे हात नेला.

"हात खाली," ताई म्हणाली. तिने पाय वर घेऊन मांडी घातली, सीटला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. "इतके दिवस मी एकटीने ऐकलं. आता तुम्हीपण ऐका. म्हणा."